कायद्याची तारीख कोण ठरवतो?

३० जून २०२४ ची रात्र सरली, बाराचे ठोके पडले आणि एकशे बासष्ट वर्षे या देशात नांदलेली भारतीय दंड संहिता नव्या गुन्ह्यांपुरती इतिहासजमा झाली. सकाळी वृत्तवाहिन्यांवर शर्यत लागली ती नव्या कायद्याखालचा पहिला गुन्हा कोठे नोंदला गेला याची. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाजवळ वाट अडवून माल विकणारा एक फेरीवाला ‘पहिला आरोपी’ म्हणून देशभर झळकला. दुपारपर्यंत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी खुलासा केला, की पहिला मान ग्वाल्हेरचा. तेथे रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी मोटारसायकल चोरीची नोंद झाली होती आणि फेरीवाल्याचे प्रकरण पोलिसांनी बंद केले होते. बिचाऱ्याची प्रसिद्धी काही तासांत संपली, हे त्याच्या दृष्टीने बरेच झाले.

या गडबडीत एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. १ जुलै ही तारीख ठरवली कोणी? संसदेने नव्हे. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम ही तीन विधेयके लोकसभेने २० डिसेंबर २०२३ रोजी आणि राज्यसभेने दुसऱ्या दिवशी संमत केली. २५ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली. शाळेच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात गोष्ट येथे संपते : दोन्ही सभागृहे, राष्ट्रपतींची सही, झाला कायदा. प्रत्यक्षात त्यानंतरचे सहा महिने कोणत्याही पोलीस ठाण्यात या कायद्यांचे एक कलमही कोणाला लावता येत नव्हते. कायदा होता, पण लागू नव्हता.

गुपित पहिल्याच कलमात असते. हे कलम कोणी वाचत नाही, कारण त्यात कायद्याचे नाव आणि व्याप्ती असला कोरडा मजकूर असतो. पण त्याच्या दुसऱ्या पोटकलमात बहुधा एक वाक्य दडलेले असते : केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून जो दिवस नेमील त्या दिवशी हा कायदा अंमलात येईल, आणि वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळे दिवस नेमता येतील. हे वाक्य नसेल तर १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम मदतीला येतो आणि राष्ट्रपतींच्या संमतीच्या दिवशीच कायदा लागू होतो. वाक्य असेल, तर मात्र किल्ली सरकारच्या खिशात. लग्न ठरले, याद्या झाल्या, पण मुहूर्त काढायचे काम एकाच घरावर सोपवले, तसा हा प्रकार. ते घर भले असेल तर प्रश्न नाही. नसेल तर वऱ्हाड ताटकळत बसते आणि कोणाला काही बोलता येत नाही.

नव्या संहितांचा मुहूर्त २३ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनांनी निघाला. राजपत्रात त्यांना जेमतेम काही ओळी पुरल्या. राजपत्र चाळण्याची खोड मला जुनी आहे. नेमणुका, बदल्या आणि शुद्धिपत्रे यांच्या गर्दीत कोणाच्या आयुष्याची दिशा बदलणारी चार ओळींची अधिसूचना कधी भेटेल याचा नेम नसतो.

राजपत्र ही काही सरकारी हौस नव्हे. प्रसिद्धीशिवाय कायदा नाही, हे तत्त्व आपल्याकडे एका छोट्या माणसाच्या छोट्या खटल्यातून पक्के झाले. जयपूर संस्थानात १९२३ साली मंत्रिमंडळाने ठराव करून अफूविषयक कायदा केला, पण तो कोठे प्रसिद्धच केला नाही. पुढे त्या कायद्याखाली एकाला पन्नास रुपये दंड झाला. दंड किरकोळ, पण प्रकरण १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. विवियन बोस यांनी निकाल दिला, की लोकांना कळण्याची कोणतीच सोय न करता बंद दाराआड केलेल्या ठरावाने माणसाला शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. दंड रद्द झाला.

एकदा राजपत्रात छापले मात्र, की सबब चालत नाही. याचे उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये एक जर्मन प्रवासी झुरिचहून मनिलाला निघाला होता. विमान वाटेत सांताक्रूझला उतरले. त्याच्या अंगावरच्या जाकिटात एक एक किलोच्या चौतीस सोन्याच्या लगडी निघाल्या. परदेशातून परदेशात जाणारे असे सोने विमानाच्या कागदपत्रांत जाहीर केलेच पाहिजे, अशी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाली होती २४ नोव्हेंबरला. प्रवासी उतरला २८ नोव्हेंबरला. झुरिचमध्ये बसलेल्या माणसाने चार दिवसांपूर्वीचे भारताचे राजपत्र कसे वाचायचे, हा बचाव उच्च न्यायालयाला पटला आणि तो सुटला. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने तो निकाल फिरवला : राजपत्रात आले म्हणजे सर्वांना कळले. न्या. सुब्बा राव यांचे मत वेगळे पडले. शिक्षा तेवढी भोगलेल्या कैदेपुरती कमी करण्यात आली. राजपत्र कोणी वाचत नाही हे न्यायालयालाही ठाऊक असते. पण कोठे तरी रेषा ओढावीच लागते.

या रेषेचे महत्त्व पोलीस ठाण्यात सर्वांत जास्त. राज्यघटनेचा अनुच्छेद २० सांगतो, की कृत्य करतेवेळी जो कायदा अंमलात होता त्याच कायद्याने शिक्षा. म्हणजे ३० जूनच्या रात्री साडेअकराला फुटलेल्या कुलपाचा गुन्हा जुन्या दंड संहितेखाली आणि साडेबाराला फुटलेल्याचा नव्या न्याय संहितेखाली. तक्रार दोन्हीची १ जुलैला सकाळी आली तरी कलमे वेगळी. त्यातून चोरी रात्री नेमकी कधी झाली हे घरमालकालाच माहीत नसेल, तर ठाणे अंमलदाराने काय करायचे? त्या दिवसांत एका ओळखीच्या पोलीस ठाण्यात गेलो होतो. ठाणे अंमलदाराच्या टेबलाच्या काचेखाली जुन्या-नव्या कलमांचा तक्ता सरकवलेला होता. खून ३०२ चा १०३, खुनाचा प्रयत्न ३०७ चा १०९, फसवणूक ४२० ची ३१८(४). निवृत्तीला आलेले हवालदार म्हणाले, “साहेब, बायकोचा वाढदिवस विसरेन, पण तीनशेदोन कसा विसरू?” मराठीने तर ‘चारसोबीस’ हा शब्द दत्तकच घेतला आहे. त्या जागी ‘तीनशे अठरा पोटकलम चार’ काही रूढ व्हायचे नाही!

तेव्हा संमती आणि अंमल यांच्यात अंतर असणे मुळात वाईट नाही. उलट ते असावे लागते. जुन्या दंड संहितेला गव्हर्नर जनरलची संमती मिळाली ६ ऑक्टोबर १८६० ला आणि ती लागू झाली १ जानेवारी १८६२ पासून. न्यायाधीशांना, पोलिसांना आणि प्रजेला ती समजून घ्यायला सवा वर्ष मिळाले. रेल्वे आणि तारायंत्र नुकतेच आले होते त्या काळात सवा वर्ष, आणि आपण संगणकाच्या युगात सहा महिने. ते पुरे होते का यावर पोलीस अधिकारी खासगीत जे बोलतात ते येथे लिहिण्यात अर्थ नाही.

माझा आक्षेप अंतराला नाही. दिवस नेमण्याच्या अधिकारात दिवस न नेमण्याचाही अधिकार गुपचूप येऊन बसतो, त्याला आहे.

२३ फेब्रुवारीच्या त्याच अधिसूचनेत न्याय संहितेच्या कलम १०६ चे पोटकलम (२) वगळलेले होते. बेदरकार वाहन चालवून कोणाचा जीव घेतला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळ काढला, तर दहा वर्षांपर्यंत कैद, अशी ही तरतूद. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी तिच्याविरुद्ध चाके थांबवली. मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोंतून टँकर हलेनात. गावोगावच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्या वाचकांना आठवत असतील, कदाचित त्यांत उभेही राहिले असतील. थांबलो तर जमाव ठार मारील आणि पळालो तर दहा वर्षे, हे चालकांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. २ जानेवारीला केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा केली आणि चर्चेशिवाय हे कलम लागू होणार नाही असे सांगितले. १ जुलैला बाकी सारे लागू झाले, ते पोटकलम मागे राहिले.

चालकांची बाजू मला बरीचशी मान्य आहे. पण पद्धत पाहा. संसदेने संमत केलेली तरतूद संसदेने बदलली नाही, रद्द केली नाही. दोन दिवसांच्या संपानंतर ती नुसती लागू केली गेली नाही. रस्त्यावर चिरडून टाकलेल्या माणसाच्या नातेवाइकांनाही काही म्हणायचे असेल. त्यांची संघटना नसते आणि ते पेट्रोल बंद पाडू शकत नाहीत.

आता उलट्या बाजूचे उदाहरण. डिसेंबर २००८. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याच्या जखमा ताज्या होत्या. संसदेच्या त्या अधिवेशनात पोलिसी अधिकारांशी संबंधित महत्त्वाचे कायदे झाले. राष्ट्रीय तपास यंत्रणा स्थापन करणारा कायदा एक. बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यातील दुरुस्ती दुसरी. तिने आरोपपत्राविना कोठडीची मुदत १८० दिवसांपर्यंत नेली आणि जामीन अवघड केला. तिसरा, फौजदारी प्रक्रिया संहितेची दुरुस्ती. यातील कलम ४१ चा बदल सामान्य माणसाच्या दृष्टीने मोलाचा होता. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी उठसूट अटक करू नये, अटक का आवश्यक आहे ते लेखी नोंदवावे, आणि गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यावी. शिवाय अटक झालेल्यांची नावे जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेर फलकावर लावावीत आणि चौकशीच्या काळात वकिलाला भेटण्याची मुभा असावी.

पहिले दोन कायदे ३१ डिसेंबर २००८ ला, संमतीच्याच दिवशी अंमलात आले. तिसऱ्याला ७ जानेवारी २००९ ला संमती मिळाली. त्याच्या पहिल्या कलमात ते दिवस नेमण्याचे वाक्य होते. देशभर वकिलांनी संप केले. पोलिसांच्या हाती मर्जीचा अधिकार जाईल आणि गुन्हेगारांना धाक उरणार नाही, हे त्यांचे म्हणणे. अटका कमी झाल्या तर जामिनाचे अर्जही कमी होतील, हे टीकाकारांचे उत्तर. सरकारने वर्षभर वाट पाहिली आणि ३१ डिसेंबर २००९ ला कायदा लागू केला तो नेमकी अटकेची कलमे आणि तारखांवर तारखा रोखणारे कलम वगळून. मग २०१० मध्ये दुरुस्तीची दुरुस्ती झाली. अटक न करण्याचीही कारणे लिहावीत असे तीत आले, आणि नोटीस देणे ऐच्छिक होते ते बंधनकारक झाले. अखेर १ नोव्हेंबर २०१० ला ती कलमे जागी झाली. मधल्या बावीस महिन्यांत विनाकारण अटक होऊन जे लोक कोठडीत गेले, त्यांच्यासाठी कायदा संमत होऊनही नव्हता.

हल्ल्यानंतरची घाई समजण्यासारखी होती, हे मान्य. तरी पोलिसांचा हात लांब करणारा कायदा एका रात्रीत आणि तो हात आवरणारा कायदा बावीस महिन्यांनी, हा हिशेब डोळ्यांत भरतो. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१४ च्या निकालात कारणे न लिहिता अटक करणाऱ्या अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाईचा इशारा दिला, तो याच कलमांच्या आधारे. आज त्या तरतुदी नागरिक सुरक्षा संहितेत आहेत.

आपल्या राज्याचे चित्रही फार वेगळे नाही. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का एप्रिल १९९९ मध्ये संमत झाला आणि त्यातच लिहिले होते, की तो २४ फेब्रुवारी १९९९ पासून, म्हणजे आधीच्या अध्यादेशाच्या दिवसापासून, अंमलात असल्याचे मानावे. डान्स बारबंदीसाठी मुंबई पोलीस अधिनियमात केलेली दुरुस्ती २००५ च्या पावसाळी अधिवेशनात संमत होऊन ऑगस्टमध्ये लागू झाली. पुढे ती न्यायालयात टिकली नाही ही गोष्ट वेगळी. याउलट पोलिसांच्या बदल्यांतील राजकीय हस्तक्षेप थांबवावा आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २२ सप्टेंबर २००६ चा. महाराष्ट्रात तो कायद्यात उतरला २०१४ मध्ये. प्राधिकरण प्रत्यक्ष कामाला लागायला आणखी काही वर्षे गेली. येथे अधिसूचनेचीही अडचण नव्हती. खुर्च्या, कर्मचारी आणि इच्छा यांची होती.

या साऱ्यांवर कडी करणारे उदाहरण खुद्द राज्यघटनेतले आहे. आणीबाणीत हजारो लोक विनाचौकशी तुरुंगात गेले. त्याची पुनरावृत्ती होऊ नये म्हणून जनता राजवटीत ४४ वी घटनादुरुस्ती झाली. तिला ३० एप्रिल १९७९ ला संमती मिळाली. तिच्या तिसऱ्या कलमाने स्थानबद्धतेचे नियम बदलायचे होते. सल्लागार मंडळाच्या मताविना कोणाला तीन महिने डांबता येते ते दोन महिन्यांवर आणायचे, आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने, आजी-माजी न्यायाधीशांचेच करायचे. दुरुस्तीतील इतर कलमे त्याच वर्षी टप्प्याटप्प्याने लागू झाली. हे तिसरे कलम तेवढे राहिले.

१९८० साली राष्ट्रीय सुरक्षा अध्यादेशाखाली धनबादचे खासदार ए. के. रॉय स्थानबद्ध झाले आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला : संसदेने घटना बदलली, तर सरकार ती लागू करायचे टाळू शकते का? २८ डिसेंबर १९८१ ला पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या बहुमताने म्हटले, की दिवस नेमणे संसदेनेच सरकारवर सोपवले आहे, त्यामुळे न्यायालय सरकारला तसा आदेश देऊ शकत नाही. जाब विचारायचा तर संसदेने विचारावा. न्या. ए. सी. गुप्ता आणि न्या. वि. द. तुळजापूरकर यांना हे पटले नाही. अडचणी दूर करायला वेळ घेण्याची मुभा म्हणजे घटनादुरुस्ती अनिश्चित काळ अडवून धरण्याची मुभा नव्हे, असा त्यांच्या मताचा रोख होता. दोन मराठी न्यायमूर्ती, एकच घटना, दोन वाटा. कायद्याच्या तर्काने चंद्रचूडांची वाट कदाचित अधिक सरळ असेल. मला मात्र तुळजापूरकरांची पटते.

संसदेने जाब विचारला का? जनता, काँग्रेस, राष्ट्रीय मोर्चा, संयुक्त आघाडी, भाजप आघाडी, पुन्हा काँग्रेस आघाडी, पुन्हा भाजप. आणीबाणीत स्वतः तुरुंगात राहिलेले किती तरी नेते यांत मंत्री झाले. ती चार ओळींची अधिसूचना कोणी काढली नाही. घटनेच्या छापील प्रतीत अनुच्छेद २२ जुन्याच रूपात छापतात आणि खाली तळटीप असते, की अमुक दुरुस्ती अद्याप अंमलात आलेली नाही. देशाच्या घटनेतले हे भिजत घोंगडे चार दशकांहून अधिक काळ तळटिपेत पडून आहे. वाचकांना हे दूरचे वाटेल. पण ‘सराईत गुंड एमपीडीएखाली वर्षभरासाठी स्थानबद्ध’ ही बातमी आपल्या वृत्तपत्रांत नेहमीची आहे. १९८१ च्या त्या राज्य कायद्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी हा आदेश काढतात. तो गुंड असेलही. पण खटल्याविना वर्षभर आत राहणाऱ्या माणसाचे प्रकरण कोणी आणि किती लवकर तपासायचे, याचे उत्तर त्या न निघालेल्या अधिसूचनेत अडकले आहे.

उपाय अवघड नाही. पहिल्याच कलमात ‘सरकार नेमील त्या दिवशी’ याच्यापुढे ‘आणि उशिरात उशिरा एक वर्षाने’ एवढे शब्द घातले की झाले. अडचण असेल तर सरकारने सभागृहापुढे येऊन मुदत वाढवून मागावी. तेवढी चर्चा होईल आणि कलम कोणी, कोणाच्या दबावाखाली अडवले ते कामकाजात नोंदले जाईल. ट्रकचालकांचे म्हणणे रास्त असेल तर कलमही तेथेच बदलता येईल. सध्या त्याचे ना समर्थन करावे लागते ना माघार घ्यावी लागते.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत या दिशेचे एक पाऊल आहे, पण अर्धेच. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या प्रत्येक गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी गेलेच पाहिजे आणि पुरावे गोळा करण्याचे चित्रीकरण झाले पाहिजे, असे कलम १७६(३) सांगते. घरफोडी, खून किंवा बलात्काराची झळ लागलेल्या कुटुंबासाठी तिन्ही कायद्यांत याहून उपयोगी तरतूद क्वचितच असेल. साक्षीदार फुटला तरी रक्ताचा डाग फुटत नाही. परंतु संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली म्हणून ही सक्ती त्या दिवशी सुरू झाली, असे मात्र नाही. कलमाच्या पोटात पुन्हा एक दार आहे : राज्य सरकार पाच वर्षांच्या आत अधिसूचनेने ठरवील त्या दिवसापासून. राज्याकडे स्वतःची सोय नसेल, तर दुसऱ्या राज्याची वापरावी, असेही त्यात म्हटले आहे. प्रयोगशाळा, वाहने आणि रासायनिक विश्लेषक एका दिवसात उभे राहत नाहीत, म्हणून मुदत दिली ती योग्यच. निदान येथे मुदत आहे. संहिता लागू झाली त्या दिवसापासून मोजली, तर ती जून २०२९ अखेर संपते. त्या दिवशी अधिसूचना निघालेली नसली तर काय, याबद्दल कलमात एक अक्षरही नाही.